सखारामाची ऐरण आणि सांडूचे कान

मनकर्णाबाईंची आणि ऐरणीची पहिली भेट झाली तेव्हा बिडकीनच्या पंचक्रोशीतल्या बैलांनी दावी तोडली, असं सांगतात. सांगणारे सगळे नवऱ्याकडचे पोपळघटच असल्यामुळं त्यातली निम्मी दावी वजा करायला हरकत नाही. पण उरलेली निम्मी नक्की तुटली. नवी नवरी उंबरठ्याशी आली. माप पायानं हलकेच लवंडायचं असतं. सिल्लोडकडच्या या पोरीनं ते उडवलं. पितळी शेर तांदळासकट वर गेला, मांडवाच्या झालरीला लागला, तिथं क्षणभर विचार करत थांबला आणि ओसरीच्या कोपऱ्यात शेंदूर लावून बसलेल्या ऐरणीच्या डोक्यावर येऊन आदळला. असा आवाज झाला, की गावाला वाटलं, इतकी वर्षं नुसती निवडणुकीच्या भाषणात येणारी आगगाडी एकदाची आली. दोन म्हातारे तर पिशवी घेऊन रस्त्याला लागले.

वाजंत्री थांबली. तांदळाचे दाणे टपटप खाली पडत होते तेवढाच आवाज. आणि त्या शांततेत नवरीची पाठराखण करायला आलेला तिचा धाकटा भाऊ सांडू, वय वर्षं नऊ, मोठ्यांदा म्हणाला,

"आक्का, हीच का गं ती चोरीची ऐरण?"

मुंडावळ्यांच्या आडून नवरदेवानं, म्हणजे बिभीषण पोपळघटानं, दोघा भावंडांकडं पाहिलं. त्याला बायको आवडली आणि मेहुणा आवडला नाही. पुढं पस्तीसेक वर्षांत या दोन्ही मतांत काही बदल झाला नाही.

सांडूचं तसं काही चुकलं नव्हतं. पोपळघटांच्या ऐरणीची गोष्ट सिल्लोडपर्यंत पोचली होती, एवढंच. गोष्ट अशी. एकोणीसशे सालाच्या सुमारास निजामाच्या मुलखात आगगाडीचा रूळ पडला. बिभीषणाचे पणजोबा सखाराम त्या कामावर लोहार म्हणून गेले. काम संपल्यावर सगळे रिकाम्या हातानं परत आले. सखाराम मात्र बैलगाडीत ऐरण घेऊन आले. तीही साधी नाही. आपल्याकडच्या लोहाराची ऐरण म्हणजे लोखंडाचा चौकोनी ठोकळा. ही लांब शिंगाची, कंबर बारीक असलेली, सरळसरळ विलायती. गावानं लगेच ठरवलं, की सखारामानं बैलांच्या खुरांना पोती बांधून ती रात्रीतून पळवली. घरातल्यांचं म्हणणं वेगळं होतं. सखारामांनी साहेबाच्या घोड्याला असा नाल ठोकला, की साहेबानं खूष होऊन ऐरण बक्षीस दिली. थोरल्या चुलत्याच्या तोंडी तो घोडा खुद्द निजामाचा झाला आणि धाकट्या चुलत्यानं त्याचा हत्ती केला. हत्तीला नाल मारत नाहीत, हे त्याला शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही.

गाव हत्तीलाही बधलं नाही. बिभीषण तिसरीत असताना वर्गातली खडूची पेटी हरवली. गुरुजी डोळे मिटून म्हणाले, "आधी पोपळघटाचं दप्तर बघा रे." दप्तरात अर्धी भाकरी आणि एक लोहचुंबक निघालं. पेटी गुरुजींच्याच खुर्चीखाली होती. मग गुरुजींनी फळ्यावर तारीख लिहिली आणि भागाकार शिकवायला घेतला. बिभीषणाला भागाकार आला, पण ती गोष्ट गेली नाही.

पुढं तो आयटीआय करून वाळूजच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात लागला. यंत्रावरून आलेला सुटा भाग मोजायचा. बरोबर असेल तर हिरवी चिठ्ठी, नसेल तर लाल. असा माणूस घरी आणणं धोक्याचं असतं. बिभीषणराव खिशात जाडी मोजायचं व्हर्निअर घेऊन घरी यायचे आणि ताटावर बसायचे.

"मनकर्णे, भाकरी या अंगानं चार मिलिमीटर अन् त्या अंगानं सहा हाय."

"मग लाल चिठ्ठी लावा अन् उपाशी निजा."

ज्या माणसाला भाकरीची जाडी माहीत नसेल तर घास उतरत नाही, त्याच्याच घरात एक अशी वस्तू होती, जी कोणी केली, कधी केली, कुठून आली याचा पत्ता नाही. गावाकडचं घर कारखान्यांच्या जमिनीत गेलं आणि ती वस्तू गारखेड्यातल्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये, गॅलरीच्या कोपऱ्यात आली. सोबत आई चंपाबाई आल्या. टेम्पोत पुढं ड्रायव्हरशेजारी बसायला त्यांनी साफ नकार दिला. "देव मागं एकटा कसा बसंल?" म्हणाल्या आणि ऐरणीला धरून मागं बसल्या.

देव म्हणजे खरंच देव. पोपळघटांकडं ऐरणीचं तोंड कामाला आणि पोट देवाला असतं. वरच्या बाजूवर लोखंड ठोकायचं, बाजूच्या अंगाला दर दसऱ्याला शेंदूर लावायचा. वर्षानुवर्षं पुट चढत जातं. बिभीषणरावांचे वडील सोमनाथअण्णा कसबी माणूस. साधा शेंदूर पावसाळ्यात ओघळतो म्हणून ते त्यात अळशीचं तेल आणि राळ घोटून घालायचे. त्यामुळं ऐरणीवर चार बोटं जाडीचं, दगडासारखं कवच झालं होतं आणि त्यावर अण्णांनी बसवलेले चांदीचे दोन डोळे होते. घरात कोणी कुठंही बसलं तरी ते डोळे त्याच्याकडंच बघायचे. नियम दोनच. रिकाम्या ऐरणीवर घाव घालायचा नाही. आणि शेंदूर माणसानं खरवडायचा नाही; देवाच्या मनात आलं, की तो आपणहून कवच सोडतो, मग ते कवच पैठणला नेऊन गोदावरीत सोडायचं.

बिभीषणराव निवृत्त झाले त्या वर्षीच्या दसऱ्याला सांडू बायकापोरांसह जेवायला आला. एव्हाना त्याची सिल्लोडला ट्रॉल्या आणि नांगर बनवायची वर्कशॉप होती, पोट होतं आणि आवाज तोच होता. पुरणपोळीवर तुपाची धार धरता धरता म्हणाला,

"काय दाजी, सापडला का ऐरणीचा मालक? नाय, आमची पोलीस स्टेशनात ओळख हाय. जमा करायची असंल तर गुपचूप करू."

दर वर्षी बिभीषणराव हे गिळायचे. या वर्षी त्यांनी पोळी ताटात ठेवली.

"सांडू, रूळ पडला एकोणीसशे साली. ऐरण त्याच्या नंतर घडलेली निघाली, तर ती रुळाच्या कामावरून आणली कशी? सांग."

सांडूनं विचार केला. "नाय आणता यायची."

"मग?"

"मग मी भर पंगतीत कान धरून पाच उठाबशा काढतो. पर आधीची निघाली तर तुम्ही काढायच्या. सिल्लोडला. आमच्या गल्लीत."

"कबूल."

"दोघांचे कान मीच धरते," मनकर्णाबाई म्हणाल्या, "पोळ्या गार व्हायल्या."

बिभीषणरावांनी दुसऱ्या दिवशी शोध सुरू केला. सुरुवात विद्वानापासून करावी म्हणून मागच्या गल्लीतले इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक अभय सर यांना बोलावलं. सरांनी डोळे बघून चप्पल बाहेर काढली, हात जोडले आणि बराच वेळ निरखून म्हणाले, "चेहऱ्याची ठेवण लोकदेवतेची दिसते. पण डोळे मात्र अलीकडचे वाटतात."

"डोळे आमच्या वडिलांनी सराफ्यातून आणले, सर."

"म्हणजे मूर्ती अर्वाचीन."

"मूर्ती नाही सर. ऐरण आहे."

सर एकदम सैलावले. "अहो, मग मला काय दाखवता? एखाद्या लोहाराला दाखवा."

"आम्ही लोहारच आहोत, सर."

सरांनी चहा संपवला आणि बशीही संपवली असती, इतका वेळ ते खाली बघत होते.

मग मोंढ्यामागच्या भंगारवाल्या हमीदभाईंना आणलं. आयुष्य लोखंडात गेलेला माणूस. त्यांनी ऐरणीच्या शिंगावर बोटाचं पेर वाजवलं, कान लावला, मान हलवली.

"माल विलायती है, साब."

"कवाचा?"

"लोहे का क्या बर्थ सर्टिफिकेट रहता? देना है तो देव, नै तो चाय पिलाव. खालीपीली कायकू दिमाग का दही करते?"

"अहो, पण अंदाज?"

"अंदाज में बोले तो पुराना है."

पुराना आहे हे बिभीषणरावांना तिसरीपासून माहीत होतं.

शेवटी मुलगी प्रेरणा कामाला लागली. ती घरूनच कुठल्याशा कंपनीचं काम करायची आणि वडिलांकडं बघायला तिला वेळ मिळायचा. तिनं शोधून काढलं, की जगात ऐरणप्रेमी लोकांचा एक भला मोठा गट आहे. हजारो माणसं सकाळ-संध्याकाळ एकमेकांना आपापल्या ऐरणीचे फोटो पाठवतात. हे ऐकून बिभीषणरावांनी खुर्ची तिच्या शेजारी ओढली. आपण एकटे नाही, ही भावना माणसाला गारखेड्यात सहसा येत नाही.

फोटो गेला. उत्तरं आली. प्रेरणा वाचून सांगू लागली.

"एक म्हणतोय, पप्पा, तो लाल रंग आधी खरवडून काढा. बनवणाऱ्याचं नाव बाजूच्या अंगावर कोरलेलं असतं, बरोबर रंगाखाली. दुसरा म्हणतोय, हातोडीनं वाजवून आवाज पाठवा. तिसरा म्हणतोय, बेअरिंगची गोळी वरून टाका आणि किती उसळते ते बघा. आणि एक बाई विचारतेय, ही ऐरण माझ्याकडं का बघतेय?"

खरवडायचं नाव काढल्याबरोबर आतल्या खोलीतून चंपाबाई बाहेर आल्या.

"तुझ्या तोंडाची कातडी सोलून बघू का रे, कंच्या सालातला हायेस ते?"

"आई, नुसतं नाव बघायचंय."

"नाव पोपळघट. बघितलंस? जा."

वाजवायचं म्हणावं तर रिकाम्या ऐरणीवर घाव चालत नाही. वर लोखंडाचा तुकडा ठेवून ठोकून पाहिलं, तर तुकडा वाजला, ऐरण मुकी राहिली. राहिली गोळी. एका दुपारी आईचा डोळा लागलाय असं बघून बिभीषणरावांनी बेअरिंगची गोळी चिमटीत धरली, शेजारी स्टीलची पट्टी उभी केली आणि सोडली. गोळी अशी उसळली, की पट्टी ओलांडून, कठडा ओलांडून, शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीत गेली. किती उसळली ते बघायचं राहिलं. टाकी भरलेली होती आणि पाणी पुन्हा आठवड्यानं येणार होतं, त्यामुळं ती उपसू द्यायला शेजारी तयार होईनात.

"काय पडलं रं?" आतून आवाज.

"काय नाय, आई."

"गोळी बी घावच असतो."

आता एकच वाट उरली. देवानं आपणहून कवच सोडायला हवं. मग त्याला थोडा आग्रह करायला काय हरकत आहे? एप्रिलमध्ये बिभीषणरावांनी ऐरण कोपऱ्यातून ढकलत ढकलत गॅलरीच्या कठड्याशी उन्हात नेली. त्या उन्हाळ्यात गारखेड्याच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला येत होतं. शेंदूर नखालाही आला नाही. मग कुलर लावून एकदम गार केली. मग पुन्हा उन्हात. प्रेरणाचा केस वाळवायचा ड्रायर लावला, ड्रायर जळाला.

"बायकोला कधी इतकं ऊन-सावली केलं नाय," मनकर्णाबाई भांडी लावता लावता म्हणाल्या. "सवत बरी म्हणायची. सवत निदान बोलली असती, कंच्या सालची ते."

बिभीषणरावांनी भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं. दहा वर्षांपूर्वी गेलेल्या वडिलांवर ते आयुष्यात पहिल्यांदा चिडले. "अण्णा, इतकी राळ कशाला घातली हो? कुणी मागितली होती?" अण्णा हार घालून शांत होते. आपलं काम पक्कं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

बघता बघता दसरा आला. झेंडूच्या माळा, ऐरणीशेजारी हळदकुंकू लावलेली हातोडी आणि सांडस, वाटीत नवा शेंदूर. सांडू दारातूनच ओरडला, "काय दाजी, लागला का तपास?"

बिभीषणरावांनी वर्षभराची कहाणी सांगितली. सांगायला नको होती, पण इतकं साठलं होतं, की माणूस कोण आहे हे न बघता बाहेर पडलं. सांडू पोट धरून हसला. गोळीपाशी तर त्याला खाली बसावं लागलं.

"अहो दाजी, एवढे गोरे लोक सांगत्यात वाजवून बघा, तर वाजवायची की! हे असं!"

आणि कोणी काही म्हणायच्या आत त्यानं पूजेतली हातोडी उचलून रिकाम्या ऐरणीच्या तोंडावर हाणली.

लग्नातला तो आवाज मनकर्णाबाईंना पुन्हा ऐकू आला. घुमला, घरभर फिरला, स्वयंपाकघरातल्या डब्यांना लागला.

"आरं मुडद्या!" चंपाबाई किंचाळल्या.

घुमणं अजून थांबलं नव्हतं. ऐरणीच्या पोटावर वरून खाली एक बारीक चीर गेली आणि पिकल्या फणसाचं साल सुटावं तसं अख्खं कवच अलगद सुटून फरशीवर उताणं पडलं. चांदीचे डोळे आता छताकडं बघत होते. सांडूच्या हातातली हातोडी खाली आली. त्याचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "म्या... म्या नुसतं..."

चंपाबाई उठल्या. पदर सावरला, दोन्ही हात जोडले. "सोडलं," त्या हळूच म्हणाल्या. "देवानं कवच सोडलं."

हे ऐकायला बिभीषणराव जागेवर नव्हते. ते एका हातात बॅटरी, एका हातात व्हर्निअर घेऊन ऐरणीसमोर पालथे पडले होते.

अक्षरं होती! इंग्रजी, खोल ठोकलेली. सुरुवातीला एक अक्षर, शेवटी दोन, आणि मधे, जिथं बनवणाऱ्याचं सगळं नाव असायला हवं, तिथं बोट जाईल एवढी दोन भोकं. अण्णांनी देवाच्या डोळ्यांच्या खुंट्या बसवायला पाडलेली. जागा अगदी मोजून, मध्यभागी घेतलेली.

"अण्णा!" बिभीषणरावांनी फरशीवर कपाळ टेकवलं. लांबून बघणाऱ्याला ते देवाच्या पाया पडताहेत असं वाटलं.

"पप्पा, खाली अजून काहीतरी आहे. आकडे आहेत."

खरंच होते. खालच्या ओळीत, सुटे सुटे. एक. दोन. चौदा. बिभीषणराव उठून बसले. कारखान्यात आयुष्यभर प्रत्येक चिठ्ठीवर त्यांनी तारीख अशीच टाकली होती. आधी दिवस, मग महिना, मग साल.

"एक फेब्रुवारी एकोणीसशे चौदा," ते म्हणाले. मग ओरडून म्हणाले. "चौदा! रुळाच्या नंतर चौदा वर्षांनी! सांडू!"

"म्हंजे साहेबाचा घोडा बी गेला का?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"जाऊ दे घोडा! हत्ती बी जाऊ दे! चोरी गेली ना!"

सांडू शब्दाचा पक्का. पंगत बसली, पानं वाढली, आणि सिल्लोडचा प्रतिष्ठित ट्रॉली-व्यावसायिक पोपळघटांच्या दिवाणखान्यात कान धरून उभा राहिला. पहिल्या दोन उठाबशा त्यानं बऱ्या काढल्या. तिसरीला त्याच्या पँटच्या शिवणीनं हरकत घेतली. पाचवीला त्याला दोघांनी उठवलं. बिभीषणराव मोजत होते, आणि मोजता मोजता त्यांना तो तिसरीचा वर्ग दिसत होता, डोळे मिटलेले गुरुजी दिसत होते. त्या दिवशी त्यांनी सात पोळ्या खाल्ल्या. एकीचीही जाडी मोजली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेरणा फोन घेऊन आली.

"पप्पा, रागावू नका. ऐरणवाले म्हणताहेत, ती तारीख नाही."

"मग काय हाय?"

"वजन. जुनं इंग्रजी माप. पहिला आकडा मोठ्या मापाचा, दुसरा त्याच्या पावाचा, तिसरा पौंडांचा. सगळं मिळून साडेब्याऐंशी किलो भरतं."

"त्यांना काय कळतंय?"

पण आता घास उतरणार नव्हता. दुपारी टेम्पो आला, चार माणसं आली, ऐरण हमीदभाईंच्या काट्यावर चढली. काट्यानं एक्क्याऐंशी किलो दाखवलं.

"दीड किलोचा फरक!" बिभीषणरावांनी टाळी वाजवली. "वजन असतं तर बरोबर जुळलं असतं. कारखान्यात एवढ्या फरकाला लाल चिठ्ठी लागते. तारीखच आहे ती!"

"मुबारक हो साब. अब चाय?"

चहा येईपर्यंत थांबायचं होतं. नुसतं थांबणं त्यांना जमत नाही. त्यांनी सवयीनं खिशातली स्टीलची पट्टी ऐरणीच्या तोंडावर आडवी ठेवली. पट्टीखालून उजेड आला. मधोमध ऐरण खोलगट झाली होती, शेताच्या बांधावरची पाऊलवाट खोलगट होते तशी. सखाराम, मग आजोबा, मग अण्णा, आणि कारखान्यात लागेपर्यंत ते स्वतः. सगळे त्याच जागेवर ठोकत आले होते. बिभीषणरावांनी व्हर्निअर काढलं. खोली मोजली, लांबी-रुंदी मोजली, अण्णांची दोन भोकं मोजली. हमीदभाईंच्या पाटीवर खडूनं हिशोब मांडला. झिजलेलं आणि भोकात गेलेलं लोखंड भरलं बरोबर दीड किलो. नोकरीत त्यांचं कुठलंही उत्तर इतकं अचूक आलं नव्हतं.

चहा तसाच राहिला.

ऐरणवाल्यांना प्रेरणानं शेवटचं विचारलं. नाव गेल्यामुळं बनवणारा सांगता येणार नाही, ते म्हणाले. घडणीवरून अठराशे ऐंशी ते एकोणीसशे तीस यांच्या मधे कधीतरीची असावी. रूळ अगदी मधे पडत होता.

संध्याकाळी बिभीषणरावांनी सिल्लोडला फोन लावला.

"सांडू, ती तारीख नव्हती. वजन होतं."

पलीकडं ग्राइंडर चालू होता. तो बंद झाला.

"म्हंजे माझ्या उठाबशा?"

"फुकट गेल्या."

"दाजी, तुम्ही बोलला नसता तर मला कळलं असतं का?"

"नाय."

"मग सांगितलं कशाला?"

"चुकीचा माल पास करत नाय मी."

सांडूनं ग्राइंडर पुन्हा चालू केला आणि पुन्हा बंद केला. मग म्हणाला, "मग तुमच्या पणज्यानं चोरली नसंल ती ऐरण. तुमच्या खानदानाला जमायचं नाय ते. चोरून आणली असती तर सकाळी स्वतःच साहेबाला जाऊन सांगितलं असतं." आणि लगेच, "पर माझ्या उठाबशा परत पाहिजेत. व्याजासकट."

बिभीषणरावांनी फोन ठेवला. पहिलं वाक्य त्यांना लिहून घ्यावंसं वाटलं, सही-शिक्क्यासह. पण सांडू ते दुसऱ्यांदा म्हणणार नव्हता, आणि म्हणाला असता तरी तो पुरावा नव्हता.

कवच पैठणला नेलं. डोळे काढून ठेवले आणि कवच गोदावरीत सोडलं. सांडूही आला होता. चंपाबाईंनी निरोपच तसा धाडला होता. पाण्यातून बाहेर येता येता त्या म्हणाल्या,

"आता ऐरण सांडूकडं जाईल."

"काय?" बिभीषणराव म्हणाले. "काय?" सांडूही म्हणाला.

"देवानं ज्याच्या हातानं कवच सोडलं, सेवा त्याची. तुझ्या आज्याच्या येळंपासून असंच हाय."

"आई, त्यानं रिकाम्या ऐरणीवर घाव घातला!"

"घातला नाय. देवानं घालून घेतला. तू वरीसभर उन्हात ठेवली, वारं घातलं, गोळी मारली. सोडलं का? नाय ना?"

"मावशी, मला जागा नाय हो वर्कशॉपात," सांडू गयावया करत होता.

"देवाला काय लई जागा लागती का?"

दोन मेहुणे आयुष्यात पहिल्यांदा एका बाजूला होते आणि दोघं मिळूनही त्यांचं काही चाललं नाही. टेम्पो गारखेड्यातून निघाला तेव्हा बिभीषणरावांनी ऐरणीच्या खोलगट तोंडावरून एकदा तळहात फिरवला. मग खिशातून व्हर्निअर काढलं आणि काही न मोजता परत ठेवलं. मनकर्णाबाई दारात उभ्या होत्या. आत जाऊन त्यांनी गॅलरीचा रिकामा कोपरा पुसला, आणि पुसून झाल्यावरही तिथंच उभ्या राहिल्या.

दिवाळीच्या आधी सांडूचा फोन आला. चिडलेला होता.

"दाजी, इकडं गल्लीत येड्यांचा बाजार भरलाय. ज्यो त्यो विचारतोय, एवढी भारी विलायती ऐरण कुठून उचलली? म्हणलं, उचलली नाय बाबांनो, देवानं दिली. तर हसाय लागले. माझ्या पोराला शाळेत ऐरणचोर म्हणत्यात!"

बिभीषणराव हसायला लागले. पण शाळेचं ऐकल्यावर थांबले. "त्या मास्तराचा नंबर दे मला," ते म्हणाले. सांडूनं दिला. मास्तरांनी फोन उचलला नाही.

ऐरण कोणी घडवली ते कळलं नाही. सांडूच्या वर्कशॉपात विजेवर चालणारा घण आहे. ऐरणीवर तो जेवणाचा डबा ठेवतो.